तिच्या नावातलं पहिलं अक्षर

आई, परवा आपल्या धाकटीच्या सुनेनं मला विचारलं, की तेव्हा अशा बाळांसाठी वेगळ्या बाटल्यासुद्धा मिळत नव्हत्या, मग आमच्या सासूबाई जगल्या कशा? धाकटी समोरच बटल्याच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘मला काय ठाऊक, मी तर लहान होते.’ सगळे हसले. मी सांगायला लागले आणि दोन वाक्यांतच लक्षात आलं, की मी चुकले तर टोकणारं आता कोणी उरलेलं नाही. बाबा नाहीत, आत्या नाही, तुला जाऊन तर किती काळ लोटला. म्हणून वाटलं, एकदा तुलाच सांगावं. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या उंचीवरून ते कसं दिसत होतं, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी बोलले नाही.

मी तेव्हा चौथीत होते. इंदूरच्या रामबागेतल्या आपल्या दोन खोल्या, मागे सामायिक चौक, आणि आतल्या खोलीच्या दाराला आत्यानं लावलेलं जुनं धोतर. राखीचे दिवस होते. दाई बाहेर आली, चौकातल्या नळावर हात धूत आत्याला हळूच म्हणाली, ‘दूध न पी सकेगी, बाईजी. जी मत लगाओ.’ मला वाटलं, ती तुझ्याबद्दल बोलते आहे. मी धोतर सारून आत शिरले. तू भिंतीला टेकून बसली होतीस आणि बाळ तुझ्या मांडीवर उघडं होतं. वरचा ओठ दोन ठिकाणी फाटून थेट नाकपुड्यांपर्यंत गेला होता, मधला मांसाचा गोळा नाकाच्या शेंड्याला चिकटल्यासारखा पुढे आला होता. ती रडली तेव्हा आत टाळूच्या जागी नुसती पोकळी दिसली. डावं पाऊल घोट्यातून आत वळून वर आलं होतं. तू तिला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश पाहत होतीस, बाजारातून आणलेलं लुगडं घडी मोडून पाहावं तसं, एकही कोपरा न सोडता. मग तिला पुन्हा गुंडाळलंस आणि मला म्हणालीस, ‘पाणी आण.’ मी घाबरले होते, पण पाणी आणायचं काम मिळालं तेव्हा बरं वाटलं.

आत्या बाळंतपणासाठी आली ती आपल्याकडेच राहिली, आणि तिला दोष शोधल्याशिवाय चैन पडत नसे. ग्रहण केव्हा होतं, त्या दिवशी तू विळी हातात घेतली होतीस का, शिवणकाम केलं होतंस का, हे ती रोज नव्यानं विचारायची. बाबा सगळ्याला ‘बघू’ म्हणायचे. ते वाईट नव्हते, पण बाळाकडे बघताना त्यांची नजर तिच्या कपाळावरच थांबायची, खाली उतरायची नाही. एका सकाळी आत्यानं ग्रहणाचं पुन्हा काढलं तेव्हा तू दुधाची वाटी खाली ठेवलीस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, ‘वन्सं, मी त्या दिवशी भाजी चिरली की नाही याचा हिशेब देत बसले, तर हिला दूध कधी पाजू?’ आत्या उठून चौकात गेली. त्यानंतर ग्रहणाचं नाव तिनं काढलं नाही.

दूध पाजणं ही त्या घरातली खरी लढाई होती, आणि ती स्वयंपाकघरातच चालायची. अंगावर घेऊन तिला ओढताच येईना, ओठ मिटायचेच नाहीत. बोंडल्यानं पाजलं तर दूध नाकातून बाहेर यायचं आणि ती निळी पडायची. तू तिला पालथी घालून पाठ थोपटायचीस, मी ओट्याला धरून उभी. कापसाची वात करून पाहिलीस, ती तोंडातच सुटेल अशी भीती वाटली म्हणून टाकलीस. मग बाबांच्या टेबलावरचा शाई भरायचा नवाकोरा ड्रॉपर उकळून घेतलास. तिला आडवी न धरता उभी बसवायची, मान तळहातावर तोलायची, थेंब जिभेवर न टाकता गालाच्या आतल्या बाजूला सोडायचा आणि गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की नाकातून येणार. एका वेळचं पाजणं संपेपर्यंत पुढच्या वेळेचं तोंडावर यायचं. मधल्या वेळात तू वरण-भात टाकायचीस, माझी वेणी घालायचीस. दाईनं सांगितलेले दिवस उलटले, मग आठवडे उलटले. बारसं करू नये असं आत्याचं मत होतं. तू शेजारणींना बोलावलंस, पाळणा बांधलास, घुगऱ्या वाटल्यास आणि ‘प’वरून नाव ठेवलंस. ते नाव मी इथे लिहीत नाही, तुझ्या जिभेवर ते कायमचं आहे.

दिवाळी झाली की सरकार ग्वाल्हेरला जायचं. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, की एका राज्याच्या, आपल्या मध्यभारताच्या, दोन राजधान्या होत्या, आणि थंडी आली की मंत्री, कारकून, फाइलींच्या पेट्या असं सगळं इंदूरहून गाडीत भरून निघायचं. बाबा सचिवालयात होते, त्यांना जाणं भागच होतं. त्यांनी तिथे जागा पाहिली होती आणि आपण सगळ्यांनी जावं असं ठरवलं होतं. पण इथल्या मोठ्या हॉस्पिटलात तिच्या पायाला प्लास्टर घालायला सुरुवात झाली होती. दर आठवड्याला जुनं काढायचं, पाऊल थोडं बाहेर वळवायचं, नवं घालायचं. मध्ये खंड पडला तर पाऊल पुन्हा आत वळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा म्हणाले, उन्हाळ्यात परत आल्यावर पुढचं बघू. तू डबे भरत होतीस. त्यांच्या चिवड्याच्या डब्याचं झाकण दाबत म्हणालीस, ‘तुम्ही कचेरीबरोबर जा. मी हिच्या पायाबरोबर राहते.’ ते उठले. मग स्वतःच ट्रंकेतून तुझी शाल काढून खुंटीला टांगली. ती तिकडे नेण्यासाठी आधीच भरून ठेवलेली होती.

त्या हिवाळ्यात तू बदललीस असं सगळे म्हणत. मला वाटतं, तुझ्यात जे होतं ते वापरायची वेळ आली, इतकंच. त्याआधी तू एकटी राजवाड्यापर्यंतही गेली नव्हतीस. आता आठवड्याच्या ठरल्या दिवशी सकाळी परातीत कोमट पाणी घेऊन बसायचीस, प्लास्टर भिजवून भिजवून पट्टी उलगडायचीस, आतला पाय मऊ फडक्यानं पुसायचीस आणि तिला घेऊन टांग्यात चढायचीस. शाळा नसेल तेव्हा मी बरोबर. टांगेवाला नेहमीचा झाला होता. पहिल्याच दिवशी त्यानं मागे वळून बघितलं आणि म्हणाला, ‘बाईजी, बच्ची का मुँह ढाँक लो, हवा लगेगी.’ हवा लागेल म्हणून म्हणाला की लोक बघतील म्हणून, कोण जाणे. तू म्हणालीस, ‘लगने दो, भैया.’ आणि टांगा सियागंजाच्या गर्दीतून जाताना तू तिला खांद्यावर उभी धरलीस, तोंड बाहेरच्या बाजूला करून. लोक बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते. तू समोर घोड्याच्या कानांकडे बघत होतीस.

प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनीच महूच्या सर्जनचं सांगितलं. लष्करी दवाखान्यातले मेजरसाहेब, लढाईत जबडे-चेहरे फुटलेल्या शिपायांवर काम केलेले. चिठ्ठी दिली तर बाहेरचा रोगीही बघायचे. आपण गाडीनं गेलो, राऊ स्टेशनवर तू मला पेरू घेऊन दिलास. मेजरसाहेब फार कमी बोलत. त्यांनी बोट घालून टाळू चाचपली, तिचं वजन केलं आणि हिंदीत म्हणाले की ओठ शिवता येईल, टाळू नंतर, पण एवढ्याशा अंगाला भूल देणार नाही. ‘पहले इसको मोटा करो. और होली से पहले लाओ.’ होळीनंतर ऊन वाढतं, माश्या वाढतात, टाके पिकतात. परतताना गाडीत मी विचारलं, जाडी नाही झाली तर? तू म्हणालीस, ‘होईल. करून राहिले आहे ना मी.’

मग घरात एकच विषय राहिला. दुधात काय, केव्हा, किती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तू तिला वजनाला न्यायचीस. तिथला शेठ आधी बिचकला, मग रोजचं झाल्यासारखं मोठ्या तागडीच्या पारड्यात स्वच्छ पोतं अंथरून द्यायचा. एका पारड्यात आपली धाकटी प्लास्टरचा पाय वर करून, दुसऱ्यात लोखंडी मापं. प्लास्टरचं ओझं वजा करून तो किती शेर ते सांगायचा. काही आठवडे काटा हलला नाही. एकदा तिला जुलाब झाले आणि मिळवलेलं सगळं गेलं. त्या दिवशी तू दुकानातून परत येताना रस्त्यात थांबलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि सरळ दूधवाल्याच्या घराकडे वळलीस, गाईचं वेगळं दूध मिळेल का विचारायला. संक्रांतीनंतर केव्हातरी शेठनं मापं ठेवली, आणखी एक ठेवलं, आणि तरी तिचं पारडं खालीच. तो म्हणाला, ‘लो बाईजी, आज तो बाट कम पड़ गए.’ दुकानातली गिऱ्हाइकंही हसली. तू हसली नाहीस, तू तिथेच मनातल्या मनात महूच्या गाडीची वेळ काढत होतीस.

बाबांनी कळवलं होतं, मी येईपर्यंत थांब. ते होळीनंतर येणार होते. तू थांबली नाहीस. आत्या बरोबर आली, याचं मला तेव्हाही नवल वाटलं. बाळानं टाक्यांना हात लावू नये म्हणून कोपर वाकू न देणाऱ्या बाह्या लागणार होत्या. त्या आत्यानंच शिवल्या, आत बांबूच्या कामट्या घालून, टोकं कापडानं मऊ करून. शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आहोत, आत्या जप करते आहे आणि मधूनच माझ्या हातात फुटाणे देते आहे. तू मात्र बसत नाहीस. दाराशी उभी आहेस, पाठ ताठ, हात पदरात. एक शिपाई स्टूल आणून देतो, तू मान हलवतेस आणि उभीच राहतेस. दार उघडतं तेव्हा मेजरसाहेब ‘ठीक है’ एवढंच म्हणतात आणि निघून जातात.

मला धाकटी ओळखूच आली नाही. ओठ जुळला होता, काळ्या टाक्यांच्या दोन रेघा, सुजलेलं नाक. दुसऱ्या दिवशी ती गुंगीतून नीट जागी झाली, तुला पाहून हसायला गेली आणि ते जुनं, कानापर्यंत पसरणारं हसू आलंच नाही. जुळलेल्या ओठाचं छोटं, घट्ट काहीतरी आलं. इतक्या महिन्यांत मी तुला रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. आत्या म्हणाली, अगं, आता तर सगळं चांगलं झालं. तू म्हणालीस, ‘हिचं हसू बदललं, वन्सं. मला ते पाठ झालं होतं.’

बाबा आले तेव्हा ती पाळण्यात होती. ते वाकले, आणि त्यांची नजर कपाळावर न थांबता खाली आली. त्यांनी बोट पुढे केलं आणि तिनं ते धरलं. पुढच्या सगळ्या हिवाळ्यांत ते एकटेच ग्वाल्हेरला गेले, आणि चल असं त्यांनी तुला पुन्हा म्हटलं नाही.

टाळूचं काम ती चालायला लागल्यावर झालं. तेही महूलाच, तेही थंडीत. या वेळी मेजरसाहेब निघून गेले नाहीत. तुला म्हणाले, ‘मैंने छत डाल दी है. बोलना आपको सिखाना है.’ आपण समजलो होतो, की टाळूला छत बसलं म्हणजे बोलणं आपोआप येईल. ते आलं नाही. ‘म’ आणि ‘न’ तिला यायचे. प, ब, क, ग, ट, सगळे श्वासाबरोबर नाकातून निसटायचे. ‘पोळी’चं ‘ओई’ व्हायचं, ‘काकू’चं नुसतं ‘आऊ’. मला मात्र तिचं सगळं कळायचं. कोणी आलं की ती बोलायची आणि मी लगेच सांगायची, ती पाणी मागते आहे, ती म्हणते आहे तुमची टोपी छान आहे. लोक माझं कौतुक करायचे. एकदा शेजारच्या काकूंसमोर मी असंच सांगितलं. तू त्या गेल्यावर मला समोर उभं केलंस. ‘तू फार मायेनं करतेस, कळतं मला. पण तू बोललीस तर ती कशाला बोलेल? यापुढे तिचं एक अक्षरही तू बोलायचं नाही.’ मला ते लागलं. पुढचे कित्येक महिने ती काहीतरी सांगायला धडपडायची, समोरच्याला कळायचं नाही, ती माझ्याकडे वळून बघायची आणि मी तोंड मिटून जमिनीकडे बघायची. आई, ते मौन पाळणं त्या घरातल्या माझ्या वाट्याचं सगळ्यात अवघड काम होतं.

बाबांनी त्या सुमारास सुचवलं, की शाळेत घालताना नाव बदलू या. ‘म’वरून एखादं ठेवलं तर निदान स्वतःचं नाव तरी तिला नीट सांगता येईल. त्यांनी ते फार हळुवारपणे सांगितलं, आणि खरं तर त्यात चूक काही नव्हतं. मलाही पटलं होतं. तू सिगडीत कोळसे रचत होतीस. म्हणालीस, ‘नाव तिचं आहे. ते अवघड आहे म्हणून काढून घ्यायचं? जीभ वळवू, नाव नाही वळवायचं.’ आणि बोलता बोलता तू हातातल्या फुंकणीकडे बघितलंस. मी तिथेच होते. मला तेव्हा कळलं नाही, की तू काय बघते आहेस.

दुसऱ्या दिवसापासून सिगडी पेटवणं धाकटीचं काम झालं. तू तिला मांडीवर घ्यायचीस, फुंकणी तिच्या ओठांत द्यायचीस, एका हाताच्या चिमटीत तिचं नाक धरायचीस आणि म्हणायचीस, फुंक. नाक धरलेलं असलं की थोडी हवा नळीत जायची, निखारा किंचित लाल व्हायचा. चिमूट सोडली की हवा परत नाकातून जायची आणि निखाऱ्यावर राख तशीच. सकाळ-संध्याकाळ तेच. तिच्या डोळ्यांत धूर जायचा, ती चिडायची, फुंकणी फेकून द्यायची. तू ती उचलून पुसायचीस आणि पुन्हा तिच्या हातात द्यायचीस. स्वयंपाकाला उशीर व्हायचा, मी शाळेत शिळी पोळी घेऊन जायची. जेवणाच्या आधी तिनं फुंकल्याशिवाय सिगडी पेटायची नाही हा नियम तू आत्यालाही मोडू दिला नाहीस. मग एका सकाळी मी दप्तर भरत होते आणि तू मला हाक मारलीस. तुझे दोन्ही हात तुझ्या मांडीवर होते. धाकटी फुंकत होती आणि कोळसा लालभडक होत होता, मंद होत होता, पुन्हा लाल. तिला ते आवडलं होतं, ती थांबतच नव्हती. राख उडून तुझ्या केसांवर बसत होती. तू म्हणालीस, ‘आता नळी काढ आणि तसंच ओठांनी कर.’ तिनं ओठ मिटले, गाल फुगवले आणि सोडले. ते अजून अक्षर नव्हतं, पण ‘प’ जिथून निघतो ती जागा तिला सापडली होती.

शाळेत नाव घालायला गेलो त्या दिवशी मी मुद्दाम बरोबर आले. मोठ्या बाईंनी तिच्या ओठाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि सौम्यपणे म्हणाल्या, की हिचं बोलणं इतर मुलींना कळणार नाही, घरीच शिकवलेलं बरं. तू म्हणालीस, ‘तुम्ही तिला विचारून तर बघा.’ बाईंनी नाव विचारलं. धाकटीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. मग तिनं ओठ मिटले आणि ‘प’ आला, फुटला, स्पष्ट, आणि त्यामागून बाकीचं नाव थोडं नाकातून वाहत आलं. बाई टाक हातात धरून थांबल्या आणि त्यांनी पुन्हा विचारलं, बहुधा स्वतःची खात्री करायला. धाकटी वैतागून मोठ्यानं म्हणाली, ‘सांगितलं ना एकदा.’ बाई हसल्या नाहीत. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि तिचं नाव, तुझं ठेवलेलं नाव, लिहून घेतलं. तिला पहिल्या बाकावर बसवायचं असंही सांगितलं. बाहेर आल्यावर तू पायरीवर बसलीस. इतक्या वर्षांत कुठल्या दाराबाहेर तुला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे मध्यभारतच राहिलं नाही. कचेरी भोपाळला गेली, बाबा तिकडे गेले, सुट्ट्यांत येत राहिले. धाकटी कॉलेजात असताना तू गेलीस, त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस. ती बँकेत लागली. काउंटरवर गिऱ्हाइकांशी इंदुरी हिंदीत असं भांडायची, की मॅनेजर आत बसून ऐकायचे. एकदा संपात बँकेच्या दारासमोर तिला माईकवर बोलायला उभं केलं होतं. मी गर्दीत मागे होते. पहिल्या वाक्याला दोन-चार माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या वाक्याला तीच माणसं टाळ्या वाजवत होती. तिनं लग्न केलं, तिला मुलगा झाला. त्याला हातात घेतल्याबरोबर तिनं आधी बोट घालून त्याची टाळू पाहिली, मग माझ्याकडे बघून ‘ठीक आहे’ अशी मान हलवली. थंडीत डावा पाय अजून दुखतो. ओठावरच्या दोन रेघा आता सुरकुत्यांत मिसळल्या आहेत. तिच्या सुनेला मी यातलं निम्मंच सांगितलं. उरलेलं इथे लिहिलं, आणि हे कुणाला वाचायला देणार नाही, तिलाही नाही. ती चुका काढेल.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी. तू बोललेलं सगळं मला आठवतं, कुठे उभी राहून बोललीस तेही आठवतं. पण तुझा आवाज मला आता आठवत नाही. कधी गेला तेही कळलं नाही. वर तुझी म्हणून जेवढी वाक्यं लिहिली, ती लिहिताना मला धाकटीच्या आवाजात ऐकू आली, थोडी नाकातून.